दोघांनी धरले, दोघांनीच सोडावे



आज प्रायश्चित्तकाळातील पहिला रविवार. गेल्या बुधवारी आपण सर्वांनी कपाळी राख लावून घेतली. आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू चाळीस दिवस अरण्यात राहतो, त्याला भूक लागते आणि नेमक्या त्या वेळी सैतान त्याच्यापाशी येतो. सैतान त्याला पहिल्यांदा काय दाखवतो? भाकर. भाकर ही काही वाईट वस्तू नव्हे. मोहाची पहिली पायरी अशी साधीच असते. जी भूक खरी आहे, तिच्यावर चुकीचा उपाय तो आपल्या हाती ठेवतो.

हा विचार मनात ठेवून आज आम्ही एका वेगळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे आपल्या तरुण जोडप्यांमध्ये शिरलेला हुक्का.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "फादर, जतमध्ये कुठला आलाय हुक्का? आपल्याकडे पाण्याची मारामार." खरे आहे. जत हा दुष्काळी तालुका. परंतु आपली मुले आता केवळ जतमध्ये राहत नाहीत. शिक्षणासाठी ती सांगली-मिरजेला जातात, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात आणि लग्नानंतर तिकडेच दोन खोल्यांचा संसार मांडतात. तेथे शनिवारी रात्री मित्रांच्या घरी हुक्का लागतो. पुढे कोणीतरी तो विकत आणून आपल्याच बाल्कनीत ठेवतो. सणासुदीला गावी येताना तो गाडीच्या डिकीतूनही येतो. घरभेटींमध्ये आणि विवाहपूर्व मार्गदर्शनात हा विषय आता आमच्या कानावर वारंवार येतो. बहुतेक वेळा तो हळू आवाजात, जरा लाजत सांगितला जातो आणि सांगणारी व्यक्ती पुष्कळदा पुढे म्हणते, "सोडायचा आहे, पण जमत नाही."

आजचे हे चार शब्द अशा "सोडायचा आहे" म्हणणाऱ्यांसाठी आहेत आणि त्यांच्या घरच्यांसाठीही आहेत.

सुरुवात कशी होते?

कोणतेही जोडपे "चला, व्यसन लावून घेऊ" म्हणून हुक्क्याजवळ बसत नाही. दिवसभर दोघे कामावर असतात. घरी आल्यावर एकाच्या हातात मोबाईल असतो, तर दुसऱ्याच्या हातात भांडी. बोलायला वेळ मिळत नाही. हुक्का लागला की दोघे समोरासमोर बसतात, नळी या हातातून त्या हातात जाते, तास दीड तास गप्पा होतात. सफरचंदाचा, पुदिन्याचा, पानाचा सुगंध येतो. सिगारेटसारखा घसा जळत नाही. त्यामुळे हे काही वाईट आहे असे वाटतच नाही. उलट "आमचा तेवढाच वेळ एकत्र जातो" असे वाटते.

बंधूभगिनींनो, ही भूक खरी आहे. नवरा-बायकोने एकत्र बसावे, निवांत बोलावे, ही इच्छा देवानेच त्यांच्या मनात ठेवली आहे. म्हणून आम्ही या जोडप्यांना दोष देऊन सुरुवात करणार नाही. परंतु खऱ्या भुकेवर सैतानाने दगड पुढे केला आहे की भाकर, हे तपासून पाहिलेच पाहिजे.

पाण्याने धूर धुतला जात नाही

हुक्क्याविषयी सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे "धूर पाण्यातून येतो, म्हणून तो गाळून येतो." आपण जतची माणसे पाण्याची किंमत जाणतो. पाण्याने पुष्कळ गोष्टी स्वच्छ होतात, पण तंबाखूचा धूर होत नाही. पाण्यातून आल्यामुळे धूर फक्त थंड होतो. थंड झाला की तो छातीत खोलवर ओढता येतो आणि जास्त वेळ ओढता येतो. निकोटिन त्यात असतेच. शिवाय चिलमीवर जळत्या कोळशाचा निखारा ठेवलेला असतो. त्यातून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू निघतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्याने माणसे दगावतात, तोच हा वायू. तंबाखू नसलेला 'हर्बल' हुक्का म्हणून जो विकला जातो, त्यावरही निखारा असतोच, म्हणून हा वायू तेथेही सुटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००५ साली एक हिशेब मांडला होता. सिगारेट ओढणारा साधारण आठ ते बारा झुरके घेतो आणि ती पाच-सात मिनिटांत संपते. हुक्क्याची एक बैठक वीस ते ऐंशी मिनिटे चालते आणि तीत पन्नास ते दोनशे झुरके घेतले जातात. प्रत्येक झुरकाही मोठा असतो. म्हणजे एका बैठकीत शंभर किंवा त्याहून अधिक सिगारेटींइतका धूर छातीत जाऊ शकतो. हा हिशेब धुराच्या मापाचा आहे. प्रत्येक विष शंभर पट जाते असा त्याचा अर्थ नाही. पण "आम्ही काय रोज सिगारेट ओढत नाही, आठवड्यातून एकदाच हुक्का" असे म्हणणाऱ्याने हे माप लक्षात ठेवावे. एकच नळी अनेकांच्या तोंडी लागत असल्याने क्षयासारखे संसर्गजन्य रोग पसरण्याची भीतीही तज्ज्ञांनी वर्तवली आहे.

आणि ज्या घरात बाळाची वाट पाहिली जात आहे, तेथे तर दोघांनीही दहा वेळा विचार करावा. आई स्वतः नळीला तोंड लावत नसली तरी त्याच खोलीत श्वास घेते. कार्बन मोनॉक्साईड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो आणि आईच्या रक्तातून तो गर्भापर्यंत पोहोचतो. ज्याने अजून जग पाहिलेले नाही, त्याच्या वाट्याची हवा आपण कमी करत असतो.

शेजारच्या विजापूरची जुनी गोष्ट

ही वस्तू आपल्या भागाला नवीन नाही. तंबाखू हे मूळचे अमेरिका खंडातील झाड. ते पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या बाजूने दख्खनमध्ये आले. म्हणजे ते आणणारे लोक ख्रिस्तीच होते, हे आपण प्रांजळपणे मान्य करू या. इ.स. १६०४ च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारी आला होता. विजापूर म्हणजे आपल्या तालुक्याच्या सीमेपलीकडचेच शहर. तेथे त्याने तंबाखू पाहिली, तिचे त्याला अप्रूप वाटले आणि रत्नजडित नळीसह ती त्याने आग्र्याला बादशहापुढे नेली. दरबारच्या हकिमाने हरकत घेतली की ही वस्तू पारखलेली नाही. बादशहाने थोडी चव घेतली, पण स्वतःला ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावून घेतली आणि ती सर्वत्र पसरली. पुढे १६१७ साली जहांगीर बादशहाने तंबाखूवर बंदी घातली. तिचा काही उपयोग झाला नाही, हे आपण पाहतोच आहोत.

आपल्या काळातही कायदे झाले. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत कमला मिल परिसरातील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला. त्यात बहुतेक तरुणच होते. हुक्क्याच्या निखाऱ्यातून उडालेल्या ठिणगीने ही आग लागली असावी, असे अग्निशमन दलाच्या अहवालात म्हटले होते. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायदा करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. पार्लर चालवणाऱ्यास एक ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते एक लाख रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकानेही हुक्क्यावर बंदी घातली. आता सीमेच्या दोन्ही बाजूंना बंदी आहे.

कायदा हवाच. त्याने दुकान बंद होते. पण घरातल्या बाल्कनीत ठेवलेला हुक्का कायद्याने उचलला जात नाही. तो ज्यांनी आणला, त्या दोघांनीच उचलायचा आहे.

वडीलधाऱ्यांनी आरशात पाहावे

येथे आम्हाला घरातील थोरांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. मुलाने हुक्क्याचे नाव काढले की घरात वादळ उठते. आणि सुनेनेही नळी हातात धरली असे कळले, तर विचारूच नका! मुलाचे व्यसन 'मित्रांमुळे' आणि सुनेचे व्यसन 'संस्कारांमुळे' असा न्याय आपल्याकडे चालतो. हा न्याय प्रभू येशूच्या शिकवणीत बसत नाही. दोघांची छाती सारखीच आहे आणि दोघांचा आत्माही सारखाच मोलाचा आहे.

शिवाय मुले आपल्याला विचारतात, "आज्जी, तू सकाळी उठल्याउठल्या मिश्री लावतेस, ते काय आहे? बाबा, तुमच्या खिशातल्या पुडीत काय आहे?" यावर आपल्याजवळ उत्तर नसते. २०१६-१७ साली झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील शंभर माणसांमागे जवळजवळ २७ जण कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते. पुरुषांत हे प्रमाण शंभरात ३५ हून अधिक आणि स्त्रियांत १७ होते. धूर ओढणारे मात्र शंभरात चारच्या आसपास होते. म्हणजे आपल्या राज्याचे मोठे व्यसन धुराचे नसून तोंडात धरण्याच्या तंबाखूचे आहे आणि ते घराघरांत, सर्वांच्या डोळ्यांदेखत चालते.

मिश्रीला कोणी व्यसन म्हणत नाही, ती दात घासायची वस्तू समजली जाते. परंतु मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या पाहणीत असे दिसले की मिश्री, तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती होण्याचे प्रमाणही अधिक होते. ही पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. आपल्याच जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचे सुपुत्र आर. आर. पाटील, म्हणजे सर्वांचे आबा, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी वयाच्या अवघ्या ५७ व्या वर्षी तोंडाच्या कर्करोगाने गेले, तेव्हा सारा सांगली जिल्हा रडला. शरद पवार यांनी आपल्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल आणि गुटख्याच्या सवयीबद्दल अनेकदा जाहीरपणे बोलून तरुणांना सावध केले आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पुडी कुठे मिळते, हे लहान मुलेही सांगू शकतात.

म्हणून आमची विनंती आहे की या प्रायश्चित्तकाळात मुला-सुनेला उपदेश करण्याआधी आज्जीने मिश्रीची डबी आणि बाबांनी तंबाखूची पुडी बाजूला ठेवावी. एका घरात तीन पिढ्यांनी एकाच दिवशी सोडले, तर कोणी कोणाला बोट दाखवण्याची गरजच उरणार नाही.

भीतीने सुरुवात होते, प्रेमाने टिकते

कर्करोगाची चित्रे पाकिटावर छापलेली असतात. ती पाहून भीती वाटते. भीती वाटणे चांगलेच, पण ती फार दिवस पुरत नाही. दोन दिवसांत डोळ्यांना त्या चित्राची सवय होते. मग माणूस कशाने सोडतो? तो बहुधा कोणासाठी तरी सोडतो. लेकरासाठी सोडतो, जोडीदारासाठी सोडतो, देवाला दिलेल्या शब्दासाठी सोडतो.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत सरळ आहे. संत पौल करिंथकरांना समजावून सांगतो की आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि आपण स्वतःचे मालक नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात संयमाच्या सद्गुणाविषयी सांगताना अन्न, दारू, तंबाखू व औषधे यांचा अतिरेक टाळावा असे म्हटले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ पासून व्हॅटिकनमध्ये सिगारेटची विक्री थांबवली. त्या विक्रीतून उत्पन्न मिळत होते. पण लोकांच्या आरोग्याला अपाय करणाऱ्या गोष्टीत धर्मपीठाने भागीदार होऊ नये, म्हणून ते उत्पन्न सोडून देण्यात आले.

जोडप्यांसाठी मात्र आम्हाला पवित्र शास्त्रातील तोबीतच्या ग्रंथाची आठवण होते. साराचे सात वेळा लग्न झाले होते आणि प्रत्येक वेळी लग्नाच्या रात्रीच एका दुष्ट आत्म्याने नवऱ्याचा जीव घेतला होता. आठव्या वेळी तोबियास तिच्याशी लग्न करतो. घरचे लोक इतके घाबरलेले की सासरा रात्रीच कबर खणून ठेवतो! त्या खोलीतही निखारे होते आणि धूर होता. देवदूत राफाएलाने सांगितल्याप्रमाणे तोबियास माशाचे काळीज व हृदय धूपाच्या निखाऱ्यावर ठेवतो आणि त्या वासाने दुष्ट आत्मा दूर मिसर देशाकडे पळून जातो. त्यानंतर नवरा-बायको अंथरुणावरून उठतात, उभे राहून एकत्र प्रार्थना करतात, दोघांना मिळून म्हातारपण पाहू दे असे देवाकडे मागतात आणि दोघेही "आमेन" म्हणतात.

प्रिय तरुण जोडप्यांनो, तुमच्याही खोलीत निखारा आहे आणि धूर आहे. तोबियासाच्या खोलीतल्या धुराने संकट बाहेर गेले. तुमच्या खोलीतला धूर संकट आत आणतो. एकत्र म्हातारे होण्याचे मागणे तुम्हीही वेदीपुढे उभे राहून मागितले आहे. सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि निरोगीपणात साथ देण्याचे वचन तुम्ही दिले आहे. ते वचन केवळ आजारपणात उशाशी बसण्याचे नव्हे. जोडीदार आजारी पडू नये म्हणून आज काही सोडण्याचेही ते वचन आहे.

दोघांचे बळ

या बाबतीत एक मोलाची माहिती आपल्याला सांगावीशी वाटते. ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या पुढील ३,७२२ जोडप्यांची अनेक वर्षे पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. धूम्रपान करणाऱ्या ज्या स्त्रियांचे पती धूम्रपान करतच राहिले, त्यांतील शंभरात केवळ ८ जणींना सोडणे जमले. ज्यांचे पती आधीपासून निर्व्यसनी होते, त्यांतील १७ जणींना जमले. आणि ज्यांच्या पतीने त्याच काळात स्वतःही सोडले, त्यांतील ५० जणींना जमले! पुरुषांच्या बाबतीतही चित्र जवळजवळ असेच होते.

ही पाहणी सिगारेटची आणि परदेशातली आहे, पण माणसाचे मन सगळीकडे सारखेच. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, दोघे ओढत असतील तर दोघांनी एकाच दिवशी सोडावे. "आधी तू सोड, मग मी बघतो" हे चालणार नाही. दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. निर्व्यसनी जोडीदाराच्या चांगुलपणापेक्षा सोबत सोडणाऱ्या जोडीदाराचा आधार मोठा ठरला. म्हणून जो ओढत नाही, त्याने केवळ उपदेश करत बसू नये. त्यानेही आपल्या आवडीचे काहीतरी या काळात सोडावे. चहा असो, मालिका असो, रात्रीचा मोबाईल असो. मग "मला जड जाते आहे" असे एकाने म्हटले की दुसरा मनापासून "मलाही" म्हणू शकेल.

सुरुवात कशी करावी?

१. प्रथम एकमेकांना विचारा, पण भांडणाच्या सुरात नको. "सोडण्याची तुझी इच्छा दहापैकी किती?" असे विचारा. समजा उत्तर आले, "चार." तर "इतकी कमी का?" असे विचारू नका. "दोन का नाही, चार का?" असे विचारा. मग समोरची व्यक्ती स्वतःच्या तोंडाने आपली कारणे सांगू लागते. व्यसनमुक्तीचे समुपदेशक ही पद्धत वापरतात. दुसऱ्याने लादलेल्या कारणापेक्षा स्वतः उच्चारलेले कारण माणसाला जास्त दिवस धरून ठेवते.

२. दोघांनी मिळून दिवस ठरवा. आजच का नको? आजपासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत बेचाळीस दिवस आहेत. निकोटिन सुटल्यावर होणारा त्रास पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे प्रायश्चित्तकाळ संपण्याआधी शरीराची तक्रार बहुतांशी संपलेली असेल.

३. हुक्का माळ्यावर ठेवू नका, मित्राला देऊ नका. तो मोडून टाका. नळी, चिलीम, कोळसा, सुगंधी तंबाखूचे डबे, सर्व घराबाहेर काढा. त्याऐवजी 'पेन हुक्का' किंवा ई-सिगारेट आणण्याचा विचारही नको. त्यांतही बहुधा निकोटिन असते आणि २०१९ पासून देशभर त्यांच्या विक्रीवर बंदी आहे.

४. पहिल्या आठवड्यात चिडचिड होईल, झोप लागणार नाही, डोके दुखेल. क्षुल्लक कारणावरून दोघांत खटके उडतील. तेव्हा दोघांनी आठवण ठेवावी की हे निकोटिन बोलते आहे, माझा नवरा किंवा माझी बायको बोलत नाही. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी प्या, फेरी मारून या, एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणा. लाट येते तशी ओसरते.

५. शनिवारची ती संध्याकाळ रिकामी ठेवू नका. हुक्का गेला आणि एकत्र बसणेही गेले, तर हुक्का परत येईल. त्याच वेळी, त्याच जागी दोघांनी बसावे. चहा घ्यावा, जेवण मिळून करावे, गावाकडे फोन लावावा, एकत्र रोझरी करावी. जी खरी भूक होती, तिला खरी भाकर द्यावी.

६. मदत मागण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर मिळते. हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटावरही छापलेला असतो. सवय जुनी असेल तर डॉक्टरांना भेटावे, त्यासाठी औषधोपचार आहेत. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या मातांनी औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

पडलो तर?

आपल्याकडे म्हण आहे, 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.' बंधूभगिनींनो, आपण ख्रिस्ती माणसांनी ही म्हण निमूट मान्य करू नये. जिवंतपणीच माणूस नवा होतो, यावर तर आपल्या श्रद्धेची उभारणी झाली आहे. त्यासाठीच आपला बाप्तिस्मा झाला आहे.

आयर्लंडमधील डब्लिन शहरात मॅट टॅलबॉट नावाचा एक साधा मजूर होता. लहान वयातच त्याला दारूचे व्यसन लागले. मजुरी हातात पडली की गुत्त्यात जायची. १८८४ साली, अठ्ठावीस वर्षांचा असताना, त्याने दारू न पिण्याची शपथ घेतली. परंतु जन्मभराची शपथ घेण्याचे धाडस त्याला झाले नाही. त्याने प्रथम केवळ तीन महिन्यांची शपथ घेतली. ते तीन महिने त्याने रोज मिस्साला जाऊन, देवाचा आधार मागत काढले. मग ती मुदत वाढवली आणि शेवटी जन्मभरासाठी घेतली. पुढे त्याने तंबाखूही सोडली. १९२५ साली त्याचे निधन झाले आणि १९७५ साली ख्रिस्तसभेने त्याला 'आदरणीय' ही पदवी दिली. जन्मभराचा विचार करून घाबरू नका. तुम्ही आज फक्त बेचाळीस दिवसांचा शब्द द्या.

आणि मध्येच एखाद्या मित्राच्या लग्नात, एखाद्या पार्टीत पाऊल घसरले तर? तर "आता सगळे संपले" असे म्हणू नका. ज्याचे पाऊल घसरले त्याने दुसऱ्यापासून लपवू नये. ज्याला कळले त्याने टोमणा मारू नये. कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत, काय घडले, ते दोघांनी शांतपणे पाहावे आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरुवात करावी. मन जड झाले असेल तर प्रायश्चित्त संस्कारासाठी जरूर यावे. प्रभू येशू स्वतः क्रूस वाहताना तीनदा पडला आणि तीनदा उठला, याचे चिंतन आपण दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेवर करतोच.

ज्या जोडप्यांना या बाबतीत बोलायचे असेल, त्यांनी मिस्सानंतर आम्हाला भेटावे. दोघांनी मिळून आलात तर उत्तम, एकट्याने आलात तरी दार उघडे आहे. आपले बोलणे आमच्यापाशीच राहील. बाहेरगावी असलेल्या मुला-सुनेला, लेकी-जावयाला हे पत्रक पाठवायचे असेल तर जरूर पाठवा, पण सोबत आपण स्वतः काय सोडले आहे, हेही लिहून पाठवा.

आपण सारे मिळून प्रार्थना करू या:

हे प्रभो, तू अरण्यात भुकेला होतास आणि मोहाला बळी पडला नाहीस. आमच्या तरुण जोडप्यांची खरी भूक तू जाणतोस. त्यांना एकमेकांसाठी वेळ दे, एकमेकांचा आधार दे आणि नको ते सोडून देण्याचे धैर्य दे. आमच्या घरातील थोरांना नम्रता दे, म्हणजे तेही आपल्या सवयी तुझ्या चरणी ठेवतील. जन्माला येणाऱ्या आमच्या लेकरांना स्वच्छ हवा आणि निरोगी आईबाप लाभू देत. नाझरेथच्या पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीने आमच्या प्रत्येक घरात तुझी शांती नांदो. आमेन.